भांड्यातला समुद्र

संस्थेच्या प्रयोगशाळेत खडक दळण्याचे नवे पोलादी भांडे आले आणि त्याच आठवड्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीचा एक समुद्र गुदमरून मेला.

रसायनतज्ज्ञ बाईंचे काम सरळ होते. समुद्राच्या तळाशी साचून दगड झालेला बारीक चिखल दळायचा आणि त्यातले धातू मोजायचे. मॉलिब्डेनम भरपूर निघाला, की तळाशी प्राणवायू नव्हता असे समजायचे. नव्या भांड्यातून तो प्रत्येक नमुन्यात बक्कळ निघू लागला. बाईंना शंका आली. त्यांनी नुसती स्वच्छ वाळू दळून पाहिली, तर तीही गुदमरलेली निघाली! म्हणजे धातू समुद्राचा नव्हताच, झिजणाऱ्या भांड्याच्या पोलादातला होता. शिवाय त्या मेलेल्या तळाच्या दगडांवर किड्यांचे माग नुसत्या डोळ्यांना दिसत होते.

बाईंनी हे कळवताच संचालकांनी तातडीने समिती नेमली. बाई अजून नोकरीत कायम झालेल्या नव्हत्या आणि त्यांना कायम करणे संचालकांच्याच हातात होते. तरीही हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणून त्या बैठकीला दगडच घेऊन गेल्या.

"बाई, भांडं रीतसर निविदा काढून घेतलंय," खरेदी अधिकारी म्हणाले. "समुद्राची निविदा कोणी काढली होती?"

"पण हे माग बघा ना, साहेब. किडे फिरत होते म्हणजे श्वास घेत होते."

"फिरले असतील," संचालक समजुतीने म्हणाले. "पण अनधिकृतपणे."

भांडे निर्दोष व समुद्र सदोष, असा निर्वाळा समितीने दिला. पुढचे ओघानेच आले. टेकडीवरचे दगड दळले, खाणीतले दळले, परदेशातून पाहुणे म्हणून आलेलेही दळले, आणि सगळे समुद्र एकजात मेलेले निघाले. यावरून संस्थेने 'महागुदमर' सिद्धांत मांडला. संचालकांचा सत्कार झाला. एकदा कायम झाले की खरे काय ते लिहीन, असे स्वतःला बजावत बाईंनी अहवालावर सही केली. यथावकाश त्या कायम झाल्या. भांडे झिजून गेले तेव्हा निष्कर्षांत सातत्य राहावे म्हणून तस्सेच दुसरे मागवण्यात आले. मागणीवर सही बाईंचीच होती.

महागुदमर शाळेच्या पुस्तकात आला. त्या तळावर किडे राहत होते, असे बाईंच्या मुलीने चाचणीत लिहिले आणि भोपळा घेऊन घरी आली.

"आई, तूच तर मला ते माग दाखवले होतेस. मग खरं कुठलं?"

"दगडातलं," बाई म्हणाल्या. त्यांना लेकीकडे बघवेना.

"मग वार्षिक परीक्षेत काय लिहू?"

"पुस्तकातलं लिही."

पुढच्या खेपेला मुलीला पैकीच्या पैकी मिळाले. आता बाईंना नावे ठेवायला आपण मोकळे आहात. फक्त ती आपल्या मुलांसमोर ठेवू नका. त्यांनी हाच प्रश्न विचारला तेव्हा आपण काय लिहायला सांगितले होते, ते त्यांना तोंडपाठ आहे.