दगडूनानांच्या तीन बाया

आमचे शेजारी दगडूनाना नव्या माणसाला स्वतःची ओळख एकाच वाक्यात करून देतात. "मला तीन बायांनी घडवलं."

नवा माणूस कानकोंडा होतो आणि चहाचा ट्रे घेऊन आलेल्या सुमनअक्कांकडे, म्हणजे नानांच्या बायकोकडे, चोरून बघतो. अक्का शांतपणे म्हणतात, "गाणाऱ्या हो. चहा घ्या."

नानांचा जन्म गेला शिरपूरला, कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादमी करण्यात. तिथल्या घरघरीत माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. पण ते धुळ्याला आमच्या गल्लीत राहायला आल्यापासून बघते, कुणाच्या घरी बाया गाणं म्हणत असोत, चार घरं पलीकडे यांना चूक ऐकू येते. लगेच फाटकाशी येऊन उभे. "बठ्ठं चुकनं! चाल बेस शे, पन बठ्ठं चुकनं!" म्हणजे चाल छान आहे, पण सगळं चुकलं. बायांच्या गाण्यात पुरुषाने नाक खुपसायचं नसतं, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं एकदा. मलाच अंतरा शिकवून गेले.

तीन बायांतली पहिली मंजुळामाय, त्यांच्या गावची. हळदीची गाणी म्हणायला चार गावांतून तिला गाडी जुंपून न्यायचे. ती गळ्यासाठी चहात मिरे टाकायची, म्हणून नानाही टाकतात. वर पाहुण्यांच्या कपातही टाकतात. माझ्या भावाला दोनदा ठसका लागलाय.

दुसरी दोंडाईच्याची, बँडमध्ये गाणारी. हातात माइक घेऊन वरातीपुढे चालत गायची, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. तेव्हापासून नानांच्याही पायात पांढरेच बूट, धोतर असो की पायजमा. स्वतःच्या लग्नात हट्टाने तोच बँड सांगितला आणि गाणं नीट ऐकू येईना म्हणून नवरदेव घोड्यावरून उतरून बँडमध्ये शिरले. रिकामा घोडा मांडवापर्यंत गेला. "माझ्या आईने घोड्यालाच ओवाळलं असतं," असं अक्का अजूनही सांगतात.

गाणं चांगलं लागलं की नानांची मान डोलायला लागते. ती त्यांच्या ताब्यात नाही. मयताच्या भजनात डोलते, डोलू नये तिथे डोलते. अक्का कोपराने ढोसतात.

तिसरीचं नाव मात्र ते सांगत नसत. मी चिवट बाई. एका दुपारी अक्का पापड लाटायला गेलेल्या, तेव्हा मी धरलंच त्यांना. "नाना, तिसरी अजून गाते का हो?"

"नाही. माझ्यामुळे बंद पडली."

मला आधी वाटलं, म्हातारा काहीतरी जुनं प्रकरण सांगणार. मी खुर्ची पुढे ओढली.

"आमच्या लग्नाचं पहिलं वर्ष होतं. श्रावणात घरी कानबाई बसवलेली. आरती झाली आणि सुमन देवीपुढे गायली. ताई, मंजुळामायसुद्धा गप्प झाली हो! आणि आमचे वडील, आबा, ओसरीवरून म्हणाले, आपल्या घरच्या सुना रस्त्यावर ऐकू जाईल असं गात नाहीत. मग माझ्याकडे बघितलं, काय रे दगडू?"

"मग तुम्ही?"

"मी मान डोलावली."

एवढं बोलून ते पांढऱ्या बुटांची नाडी सोडून परत बांधत बसले. अक्का त्या दिवसापासून गायल्या नाहीत. भांडल्या नाहीत, रुसल्या नाहीत, नुसत्या गायल्या नाहीत. आबा गेले, पोरं मोठी झाली, तरी नाहीत. नानांनी एकदाच म्हणून बघितलं, "आता गा की." त्या म्हणाल्या, "आता काय!" म्हणून हा माणूस त्यांना दर लग्नाला ओढून नेतो, बायांच्या घोळक्यात बसवतो आणि वाट बघतो. मला इतका राग आला नानांचा, आणि इतकी कीवही आली, की मिऱ्यांचा चहा तळापर्यंत प्यायले.

यंदा माझ्या लेकीचं लग्न ठरलं. तिला हळदीला डीजे हवा होता. मी म्हटलं, डीजे संध्याकाळी, सकाळी गाणी झालीच पाहिजेत. पण म्हणणार कोण? मी आणि माझ्या जावा मिळून अडीच कडवी येत होती. अक्का नानांनी बसवलेल्या घोळक्यातून उठून आत पाट्यावर हळद वाटायला बसल्या होत्या, नेहमीसारख्या, गाण्यापासून लांब.

"पहिली हळद मायनी लायी," आम्ही सुरू केलं. त्या गाण्यात हळद लावणाऱ्या नात्यातल्या बायांची नावं मानाच्या क्रमाने येतात. मायनंतर कोण, यावर आमची गाडी अडली. तेवढ्यात मांडवाच्या खांबाजवळून नानांनी खड्या आवाजात ओळ उचलली, "दुसरी हळद सासूनी लायी!"

अहो, नवरीच्या घरी, नवरीच्या हळदीत, मामीच्या आधी सासू? माझी वहिनी, म्हणजे नवरीची मामी, जागची उठलीच. आणि गंमत म्हणजे, जन्मभर गल्लीच्या चुका काढणारा माणूस छातीठोकपणे तीच ओळ पुन्हा म्हणाला.

पाट्याचा आवाज थांबला.

"बठ्ठं चुकनं!" कोपरापर्यंत पिवळे हात घेऊन अक्का दारात उभ्या होत्या. "मामीचा मान कुठे गेला? मंजुळामायनं हेच शिकवलं का तुम्हाला?" आणि तिथेच, चौकटीला टेकून, त्यांनी गाणं पहिल्यापासून धरलं. माय, मामी, मावशी, फुई म्हणजे आत्या. आवाज आधी खरखरला, मग मोकळा झाला आणि थेट रस्त्यावर गेला. समोरच्या किराणावाल्याने हातातला तराजू खाली ठेवला. माझी लेक रडत होती, मीही रडत होते, जावा तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

मी नानांकडे बघितलं. भजनात डोलणारी, मयतात डोलणारी ती मान त्यांनी दोन्ही हातांनी खांब घट्ट धरून ताठ ठेवली होती. गाणं संपेपर्यंत ती हलली नाही.

जेवणाच्या पंगतीत मी त्यांना हळूच विचारलं, "नाना, खरं सांगा. ओळ मुद्दाम चुकलात ना?"

"मी चुकलो तो कानबाईला, ताई," ते म्हणाले. "आज नाही."