खाडीला घातलेला बांध

एक होतं गाव, खालापुरापासून दोन हाकांवर. त्यात राहायची एक चंद्राबाई, तिचा एक मुलगा, मुलाची बायको सोनाबाई, म्हणजे मी, आणि आमची एक सोमी. मुलाचं नाव मी घेत नाही. सासूबाई हाक मारतील तेव्हा कळेल.

सोमी होईना, तेव्हा सासूबाईंनी नवस बोलला: मूल होऊ दे, घारापुरीच्या महादेवाला जाईन, तोवर भात वर्ज्य. सोमी झाली. पण घारापुरी समुद्रात, आणि आमच्या सात पिढ्यांत कुणी ओढ्यापलीकडचं पाणी पाहिलेलं नाही. तीन वर्षं अशीच गेली. खळ्यात भाताची रास, ताटात नाचणीची भाकरी. (आम्हांला मनाई नव्हती. सासूबाई फक्त आमच्या घासाकडं बघायच्या. खाऊन दाखवा!) मग त्यांचे दात पडले. भाकरी चावेना, भात चालेना. म्हातारी वाळून काटकी झाली.

तेव्हा ह्यांनी ठरवलं. होडीनं सकाळी जायचं, संध्याकाळी परत. जोशीबुवांना विचारलं. ते म्हणाले, सूर्य कलल्यावरच होडीत पाय ठेवा. जोशीबुवांनी समुद्र पाहिलेला नव्हता, पण पंचांग होतं.

बैलगाडीनं दोन मुक्काम करून आम्ही चौघं खाडीवर पोचलो. खाडी काठोकाठ भरलेली. मोहियुद्दीन तांडेल होडी घेऊन तयार.

"बसा, पाव्हणं."

"आत्ता नाय. सूर्य कलू दे."

"तवर पानी नाय राहायचं."

"पानी कुटं जातंय?" असं म्हणून हे झाडाखाली आडवे झाले. तांडेल कपाळाला हात लावून जेवायला घरी गेला.

दुपारी हे उठून बघतात तो पाणी निम्मं.

"अगं ऊठ! बांध फुटला!"

भातशेतकऱ्याचं पाणी चाललं, की तो विचार करत नाही. धोतर खोचून, गाडीतलं फावडं घेऊन हे चिखलात. मागून मी. (मलाही दोनच पाणी ठाऊक: वरून पडणारं आणि बांधातून पळणारं.) काठावरून सासूबाई ओरडत होत्या, "आबाजी, डाव्या अंगाला गळतंय रं!"

तासाभरात होडीभोवती गुडघाभर बांध उभा राहिला. आत पाणी, पाण्यात होडी, बाहेर नुसता चिखल. तांडेल जेवून परत आला.

"आबाजी, माजी होडी चिखलात लावलीस काय रं, भातासारखी?"

"मंग? पानी सगळं गेलं असतं!"

"ते रोज जातं. रोज येतं."

"कोण सोडतं?"

तांडेलानं वर बोट केलं.

त्याची बायको हाजरा मात्र खूश झाली. आमच्या बांधात अडकलेली निवटी मासळी तिनं टोपलीभर वेचली. आमच्या नवसाचं पहिलं कालवण तिच्या चुलीवर शिजलं.

रात्र त्यांच्या ओटीवर काढली. रात्रीतच पाणी आपणहून आलं, बांध घेऊन गेलं, आणि दुसऱ्या दिवशी तांडेलानं मुहूर्त न विचारता आम्हांला बेटावर नेलं. सासूबाईंनी देवापुढं डोकं टेकलं. "आलो रं बाबा," एवढंच म्हणाल्या.

परतीला मी ह्यांना सोडलं नाही. ओढा दिसला की, "अहो, बघा, बांध फुटला!" झरा दिसला की, "फावडं काढू का?" हे बैल हाकत राहिले.

घरी मी तीन वर्षांनी भात चढवला. नवसाचा म्हणून त्यात बेटावरून तांब्याभर आणलेलं तीर्थ ओतलं. समुद्राचं. वर हाताच्या सवयीनं मीठ.

सासूबाईंनी पहिला घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. आम्हांला वाटलं, आनंदाचं.

नवसाचं अन्न टाकायचं नसतं, म्हणून सगळ्यांनी ताट चाटून पुसलं. पुढं सासूबाई अठरा वर्षं मऊ भात खाऊन जगल्या, सोमीच्या पोरांना मांडीवर घेऊन भरवलं. देवानं काही कमी केलं नाही. पण त्या दिवशी जेवण झाल्यावर जो तो माठाकडं धावत होता, आणि सोमी पाचव्यांदा पाणी मागायला लागली तेव्हा ह्यांनी माठात वाकून पाहिलं. तळ दिसत होता.

हे सावकाश माझ्याकडं वळले.

"अगं," म्हणाले, "बांध फुटला."