मशीनची निगा आणि वहिनीची दहा बोटं

माणसाचे कष्ट वाचावेत म्हणून घरात यंत्र येते, हे सर्वमान्य आहे. परंतु वाचवलेले कष्ट पुढे कुठेतरी ठेवावे लागतात, याचा विचार यंत्र घेताना कोणी करत नाही. आमच्या घराने तो केला. आमच्याकडचे वाचलेले सर्व कष्ट वहिनीकडे ठेवले. तिच्याकडे दिलेली वस्तू कधी हरवत नाही, अशी तिची ख्याती आहे.

वॉशिंग मशीन आले तेच मुळी वहिनीच्या हातांसाठी. तिच्या तळहातांची सालं निघत, बोटांच्या पेरांना भेगा पडत. भेगांत साबण गेला की ती तोंडाने काही बोलत नसे, नळ मात्र जरा जोरात सोडत असे. त्वचेच्या डॉक्टरांनी लिहून दिले, 'साबणाच्या पाण्यात हात घालणे बंद.' दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि महिन्याभरात समोरून दार उघडणारे, गोल काचेचे, पांढरेशुभ्र मशीन आणून बाथरूमशेजारच्या कोपऱ्यात बसवले. मशीनचे माहितीपुस्तक, हमीपत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी एकाच प्लास्टिकच्या फायलीत ठेवण्यात आली. (चिठ्ठी सर्वांत खाली गेली. पुढे दीड वर्ष तिथपर्यंत कोणाचा हात पोचला नाही.)

पहिले तीन महिने मशीनने कपडे धुतले. ही चूक लक्षात यायला वेळ लागला.

चौथ्या महिन्यात टॉवेलांना वास यायला लागला. आई म्हणाली, "घरात ओलं कुत्रं शिरलंय." कुत्रे सापडले नाही, म्हणून मेकॅनिकला बोलावले. त्याने दाराभोवतीचे रबर बोटाने मागे ओढले आणि आतून केसांची एक पिन, दोन बटणे, बसच्या तिकिटांचा लगदा आणि माझा एक मोजा काढला. या मोज्यावरून मी घरातल्या प्रत्येकाशी एकेकदा भांडलो होतो. रबराच्या घडीत काळी बुरशी धरली होती. मेकॅनिक हात पुसत म्हणाला, "दार उघडं ठेवत जा. रबर कोरड्या फडक्यानं पुसा. महिन्यातून एकदा मशीन रिकामं, गरम पाण्यावर चालवा. आणि खाली फिल्टर आहे, तो काढून धुवा. एवढंच."

'एवढंच' हा शब्द त्याने दादासमोर उच्चारायला नको होता. दादा तपासणी खात्यात अधीक्षक आहे आणि त्या खात्यात एवढंच असे काही नसते. मेकॅनिकच्या चार वाक्यांची त्याने एका रविवारात एकतीस कलमे केली. मी ती सुवाच्य अक्षरात उतरवून भिंतीवर लावली. माझ्या अक्षराचे तेव्हा फार कौतुक झाले.

कामाची वाटणी न्याय्य होती, हे मुद्दाम नमूद करतो. दादा निगाप्रमुख झाला. आईकडे वासाचे खाते आले. नोंदवही माझ्याकडे आली. (मी घरीच असतो; नोंदवहीचे काम लवकरच पूर्णवेळ झाले.) उरलेले किरकोळ काम, म्हणजे अंमलबजावणी, वहिनीकडे गेले.

सर्व कलमे देत बसत नाही, वाचकाला स्वतःचे काम असते. पण काही वानगीदाखल देतो. कलम चार: रबर रोज पुसावे, घडीत बोट घालून पुसावे, बोट जाणार नाही तिथे करंगळी घालावी. कलम सात: पावडरचा खण रोज काढून सोड्याच्या पाण्यात घासावा. कलम अकरा: फिल्टर एक दिवसाआड. सोडा, ब्लीच, व्हिनेगर यांचे वार ठरलेले होते, म्हणजे कोणत्याही एकावर अन्याय होत नसे. कलम एकोणीस हे मात्र दादाच्या बुद्धीचे खरे शिखर. त्याचा विचार असा: मशीन कशाने मळते? कपड्यांनी. कोणत्या कपड्यांनी? मळलेल्या. सबब, मशीनमध्ये मळलेले कपडे टाकू नयेत.

तेव्हापासून वहिनी कपडे आधी हाताने धुई, पिळी आणि मग मशीनमध्ये घाली. तेही बुधवारी आणि रविवारी, अर्धेच. प्रत्येक धुण्याने मशीनचे आयुष्य थोडे कमी होते, आणि आपल्या सोयीसाठी कोणाचे आयुष्य कमी करणे दादाला पटत नाही.

नोंदवहीतले आकडे बोलके होते. आठवड्यात मशीन चाले एक तास पन्नास मिनिटे. त्याची निगा, साडेनऊ तास. कपडे मशीनमध्ये घालण्याच्या लायकीचे करणे, अकरा तास. मशीनमुळे वाचलेला वेळ: मोजणी चालू आहे.

वहिनीने एकदा भीत भीत विचारले, "अहो, निदान रबरी हातमोजे घालू का?"

"हातमोज्यातून बुळबुळ कळत नाही," दादा म्हणाला. "आणि बुळबुळ कळली नाही, तर तू पुसणार काय?"

मी हा मुद्दा नोंदवहीत घेतला.

पाहुणे आले की दादा त्यांना आधी मशीनकडे नेई. टॉर्च लावून ड्रम दाखवी, मग खिशातला पांढरा रुमाल काढून रबरातून फिरवी आणि उजेडात धरी. रुमाल पांढराच निघे. पाहुणे म्हणत, "वा, किती निगुतीनं ठेवलंय तुम्ही!" दादा विनयाने मान खाली घाली. (रुमाल वहिनी धुई. हाताने. कलम एकोणीस.) दादाचा हात स्वतः मशीनला कधी लागला नाही, कारण प्रमुखाने हात घातला की खालच्या माणसाची जबाबदारीची जाणीव कमी होते, असे त्याचे मत आहे.

इथपर्यंत सर्व सुरळीत होते. गडबड झाली ती दुसऱ्याच एका मशीनमुळे.

वहिनी एका कार्यालयाच्या दप्तरखान्यात तीन वर्षे हंगामी होती. यंदा कायम व्हायच्या यादीत तिचे नाव पहिले होते. यादी लागली त्या दिवशी ती गाणे म्हणत जिना चढली होती, हे मी ऐकले आहे. त्याच महिन्यात कार्यालयात हजेरीसाठी अंगठ्याचे यंत्र बसले. सगळ्यांनी अंगठे लावले, यंत्राने सगळ्यांना ओळखले. वहिनीने अंगठा लावला. यंत्र म्हणाले, 'ओळख पटली नाही.' दुसरा अंगठा लावला. मग ओळीने उरलेली आठ बोटे लावली. सोडा-ब्लीचने रेषा पार पुसून टाकल्या होत्या. दहाही बोटे गुळगुळीत, कलम चारप्रमाणे पुसलेल्या रबरासारखी.

हजेरी कारकून भला माणूस. तो म्हणाला, "ताई, मला तुम्ही दिसताय हो. पण मला दिसून काय उपयोग?"

वहिनी अकरा दिवस रोज वेळेवर जाऊन गैरहजर राहिली. मग शनिवारी पत्र आले: पुढील सोमवारनंतरच्या सोमवारपर्यंत बोटाची ओळख न पटल्यास नाव यादीतून वगळण्यात येईल. नऊ दिवस हातात होते. डॉक्टर म्हणाले, "आठ दिवस साबण, सोडा, काहीही नको. रेषा परत येतात. पण हात लावलात, की पुन्हा पहिल्यापासून."

घरात तातडीची सभा झाली. दादाने पत्र वाचून पहिला प्रश्न विचारला, "त्या यंत्राची काच कोण पुसतं?" कोणी पुसत नसणार, अशी त्याची खात्री होती आणि कार्यालयाला तसे खरमरीत पत्र लिहावे असा ठराव त्याने मांडला. मग आठ दिवस मशीन कोणी पाहायचे, हा विषय निघाला. दादाला पाठीचे दुखणे आहे आणि फिल्टर खाली असतो. आईचे गुडघे वाकत नाहीत. माझे अक्षर चांगले आहे.

वहिनी म्हणाली, "मी एक सुचवू? कपडे सरळ मशीनमध्ये टाकले तर? न धुता."

दादाने तिच्याकडे अशा नजरेने पाहिले, की मलाच ओशाळल्यासारखे झाले.

"त्यासाठी घेतलंय का ते?" तो म्हणाला.

अखेर आठ दिवस निगा आणि धुणे दोन्ही तहकूब करण्यात आले. कपड्यांचा ढीग वाढू लागला. आई नाकाला पदर लावून त्याच्यापासून लांब बसू लागली. दादा तोच शर्ट घालून तपासणीला गेला आणि तिथे त्याने दोघांना अस्वच्छतेबद्दल नोटिसा दिल्या. पाचव्या दिवशी वहिनी खिडकीपाशी उभी होती. तिने मला हाक मारली. "भावजी, इकडे या जरा. बघा, दोन रेषा आल्यात. ही बघा. आणि ही." अंगठा माझ्या नाकासमोर धरून ती हसत होती. खरोखरच दोन बारीक रेषा होत्या. मला फार आनंद झाला. मी तो 'इतर' या रकान्यात नोंदवला.

परंतु रविवारी मेकॅनिक वार्षिक तपासणीला येणार होता. शनिवारी संध्याकाळी दादाने रुमाल फिरवला आणि त्यावर एक काळा ठिपका आला. मोहरीएवढा असेल. दादा मटकन खुर्चीत बसला. "उद्या तो माणूस काय म्हणेल?" असे तीनदा म्हणाला. चौथ्यांदा म्हणाला तेव्हा डोळ्यांत पाणी होते. माणूस हळवा आहे.

आई म्हणाली, "एवढं एकदा कर गं. मग आहेच आराम."

वहिनीने आईकडे पाहिले, दादाकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. मी फक्त एवढेच म्हणायला हवे होते, की द्या, मी पुसतो. एक फडके, पाच मिनिटे. मी ठिपक्याचा आकार लिहून घेत होतो. मला लाज वाटली, हे खरे आहे. शाई सुकेपर्यंत वाटत होती.

तिने ब्लीचची बाटली उघडली.

रविवारी मेकॅनिक आला. रबर ओढले, आत टॉर्च टाकला आणि बघतच राहिला. "साहेब, बारा वर्षं या धंद्यात आहे. असं मशीन बघितलं नाही. वापरता, की नुसतंच ठेवलंय?" दादा कृतार्थ झाला. अशी निगा राखणाऱ्यांना दोन वर्षांची वाढीव हमी मिळते, असे मेकॅनिक म्हणाला. फक्त ज्यांनी निगा राखली त्यांचा अंगठा इथे लावायचा. त्याने छोटेसे यंत्र पुढे केले. दादाने बाह्या सावरून अंगठा टेकवला. पहिल्याच फटक्यात हिरवा दिवा लागला. "काय रेषा आहेत!" मेकॅनिक म्हणाला. वहिनी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने कप खाली ठेवले.

सोमवारी सकाळी दहाला ती कार्यालयात गेली आणि साडेदहाला परत आली. जिन्यात गाणे नव्हते. मी आणि आई घरात होतो. आईने विचारले, "काय झालं?" वहिनी म्हणाली, "ओळख पटली नाही."

मग तिने नऊ दिवसांचा ढीग उचलला आणि तसाच, न धुता, मशीनमध्ये कोंबला. त्यात दादाचे रुमाल घातले. पायपुसणे घातले. "अगं, पायपुसणं!" आई किंचाळली. वहिनीने भिंतीवरची कलमे काढून आत टाकली आणि माझ्या हाताखालची नोंदवही ओढून घेतली. मी 'अहो वहिनी' म्हणेपर्यंत दार लागून बटण दाबलेले होते. तिने प्लास्टिकची फाईल उघडली, तळाशी हात घालून डॉक्टरांची चिठ्ठी तेवढी काढली आणि पिशवी घेतली. "बहिणीकडे जातेय. हात बरे होईपर्यंत. धुऊन झालं की काढा."

धुऊन झालेले नाही. नोंदवहीचा लगदा कुठेसा अडकला आणि मशीन मध्येच थांबले. आज तिसरा आठवडा. आत पाणी भरलेले आहे आणि काचेतून दादाचा एक रुमाल दिसतो. तो आता पांढरा नाही. मेकॅनिकला फोन केला, तर म्हणाला, "फिल्टर उघडून साफ करा. एवढंच." दादाने सभा बोलावली. दीड वर्षात एक दिवसाआड धुतला गेलेला तो फिल्टर मशीनला नेमका कुठे असतो आणि उघडतात कसा, हे तिघांपैकी कोणालाही सांगता आले नाही. माहितीपुस्तकात 'आकृती पाहा' असे लिहिले आहे. आम्ही आकृती पाहिली आहे.

तुम्ही हसत असाल, जरूर हसा. फक्त जागेवरून न उठता आणि आत कोणाला हाक न मारता एवढे सांगा, की तुमच्या मशीनचा फिल्टर डावीकडे आहे की उजवीकडे? राहू द्या. असे करा, उजेडाकडे वळा आणि स्वतःचा अंगठा डोळ्यांसमोर धरा. रेषा कशा स्पष्ट आहेत, नाही? दादाच्याही अशाच आहेत. माझ्याही.