एक मेल जास्तीची

रायपूरच्या शंकर नगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या श्यामकांतरावांनी घरचा जुना कॉम्प्युटर काढून नवा आणला. घरात नवी वस्तू येणं ही तशी आनंदाची बाब. पण श्यामकांतराव सरकारी नोकरीतले, त्यामुळे आनंदाआधी त्याचं रीतसर प्रकरण तयार होणं भाग होतं.

काम एवढंच होतं, की जुन्यातल्या मेल, पत्ते आणि सेटिंग नव्यात टाकायची. त्या काळी मेल फोनच्या तारेतून उतरून घरच्याच कॉम्प्युटरात मुक्कामाला राहायच्या. मेकॅनिक देवीदास म्हणाला, "हव काकाजी, आधे घंटे का काम है।"

श्यामकांतराव दुखावलेच. नवं राज्य झालं तेव्हा भोपाळहून त्यांच्या ऑफिसच्या नस्त्या, म्हणजे आपल्या फायली, ट्रकांत भरून रायपूरला आल्या होत्या आणि त्या मोजून घेणारे हेच होते. सहा हजारांत एक नस्ती कमी भरली. तिचे खुलासे देता देता त्यांची बढती गेली ती गेलीच. अर्ध्या तासात काही हलवता येतं, यावर अशा माणसाचा विश्वास बसणार कसा?

घाई फक्त त्यांच्या मुलीला, मंजिरीला होती. हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत तिची निवड झाली होती. होकार शुक्रवारपर्यंत पाठवायचा होता, आणि तोही अर्जात दिलेल्या घरच्याच मेल पत्त्यावरून. चार वर्षं पोरीनं त्यासाठी रक्ताचं पाणी केलं होतं.

शनिवारी समिती नेमली गेली. अध्यक्ष श्यामकांतराव, सचिव रेल्वेतून रिटायर झालेले तुळशीराम आणि सदस्य मी. पहिल्याच बैठकीत ठरलं, की एका खुर्चीवर दोन अधिकारी बसू शकत नाहीत. तेव्हा जुना कॉम्प्युटर आधी कार्यमुक्त होईल आणि चार्ज पूर्ण झाल्यावरच नवा रुजू होईल. जुन्यातल्या मेल तीनदा मोजल्या. चौदाशे बारा भरल्या. देवीदासनं त्यांची सीडी काढली. मग जुन्याच्या तारा सोडून त्याला चादरीत गुंडाळलं आणि गाठीवर लाखेचं सील मारलं. पासवर्डचं पाकीटही सीलबंद झालं. मधल्या काळात नवी मेल येऊन मोजणी बिघडू नये, म्हणून फोनपासून कॉम्प्युटरपर्यंतची तार काढून कपाटात ठेवली. मोजणीचा, सीलचा आणि पासवर्डचा, अशा तिन्ही कागदांवर मी सही केली.

रविवारी देवीदासनं सीडी नव्यात उतरवली. मेल भरल्या चौदाशे तेरा.

"एक तो कंपनी का वेलकम है काकाजी, हर नये में पहले से रहता है। डिलीट कर दूँ?"

श्यामकांतरावांनी त्याचा हात धरला. "डिलीट करणारा तू कोण? तेव्हा एक कमी भरली त बढती गेली. आता जास्त भरली, त मी काय सांगू?"

"सांगाचं कोणाले?" त्यांच्या पत्नी इंदूवहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "घरचाच कॉम्प्युटर होय ना?"

"हेच तर तुले समजत नाही. विचारणारा कोणी नाही, म्हणूनच जास्त जपा लागते."

सोमवारी त्या कंपनीकडून रजिस्टर पोस्टानं खुलासा मागवला. सदर पत्र कोणत्या जावक क्रमांकानं पाठवलं, ते पंधरा दिवसांत कळवावं. बुधवारी मंजिरी तेलीबांध्याच्या सायबर कॅफेत जाऊन हात हलवत परत आली, कारण पासवर्ड पाकिटात होता. गुरुवारी तिनं हैदराबादला फोन लावला. तिथल्या बाबूनं सांगितलं, होकार नोंदवलेल्या पत्त्यावरूनच आला पाहिजे, फोनवर चालणार नाही. हे ऐकून श्यामकांतरावांचा चेहरा उजळला.

"पाह्य, तिथंही शिस्त आहे. चांगलं ऑफिस होय ते."

शुक्रवारी दुपारी समिती बसली असताना मंजिरी दारात उभी राहिली. "बाबा, लिफाफा दे दो। पाँच बजे तक ही टाइम है।"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाहून श्यामकांतरावांनी पाकीट हातात घेतलं, आणि पुन्हा खाली ठेवलं. बाप होते ते, दगड नव्हते.

"बेटा, मी तुहा बाप आहो म्हणूनच मले एकट्याले ठरवता येत नाही. उद्या कोणी म्हणन, पोट्टीसाठी नियम तोडला."

विषय समितीपुढे आला. तुळशीराम म्हणाले, सदस्यांची हरकत नसेल तर माझी नाही. मी म्हणालो, माझीही नाही, पण सचिवांनी तसं लेखी द्यावं. लेखी काय द्यावं, यावर चर्चा झाली. मसुदा दोनदा फाडला. इंदूवहिनींनी चहा आणून ठेवला, तो कोणी प्यायलं नाही. सहा वाजता बैठक सोमवारपर्यंत तहकूब झाली.

सोमवारी समितीनं मोठं मन करून एका ठरावानं जास्तीची मेल परिशिष्ट म्हणून स्वीकारली. सील फोडलं, पासवर्ड टाकला, तार जोडली. नवा कॉम्प्युटर रुजू झाला आणि लगेच हैदराबादची मेल उतरली. मुदतीत उत्तर न आल्यानं जागा पुढच्या उमेदवाराला दिली आहे. श्यामकांतरावांनी ती आवक रजिस्टरात चढवली, शेरा लिहिला, "कार्यवाही शेष नाही. नस्तीबद्ध."

मी निघालो तेव्हा मंजिरीनं मला फाटकापाशी गाठलं.

"काका, तुम्ही तर रोज तिथेच बसून राहिले होते. एक बार भी नहीं बोले?"

"बेटा, मी तर नुसता सदस्य होतो," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि फाटक लावून घेतलं. पण माझे कागद स्वच्छ आहेत. वाचकांनीही माझ्याकडे असं पाहू नये. शुक्रवारची मुदत तुम्हालाही पहिल्यापासून ठाऊक होती. तरी त्या एका जास्तीच्या मेलचं पुढे काय होतं, तेच बघत तुम्हीही बसलातच की. ठरावावर चौथी सही तुमची धरली आहे.