आमचे पडदे आणि गयामावशी

गयामावशी माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, कपड्यांकडे बघतात. एकदा मी नांदेडहून आणलेला नवा शर्ट पहिल्यांदाच घालून शाळेत शिकवायला निघालो होतो. मावशींनी फाटकातच अडवलं, बाही चिमटीत धरून चोळून पाहिली आणि विचारलं, "सर, हे कधी टाकता?"

"मावशी, आजच घातलाय."

"व्हय, पण टाकताना मला सांगा. दोन झबले बराबर निघतेत."

हिंगोलीतल्या आमच्या गल्लीत त्या माझ्या शेजारी राहतात. एका शाळेत शिपाई होत्या. निवृत्त झाल्या आणि त्यांनी स्वतःला शिलाई मशीनला जुंपून घेतलं. कापड मात्र विकत आणायचं नाही, लोकांच्या अंगावरचं नाहीतर घरातलं हेरायचं. एका लग्नात सगळे नवरदेवाकडे बघत होते, तेव्हा मावशी मुलीच्या मामांची सफारी न्याहाळत होत्या. माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "याच्यात तीन लेकरं बसतेत." मामा तब्येतीने तसे होतेच.

हा सगळा खटाटोप चौदा एप्रिलसाठी. जयंतीच्या मिरवणुकीत गल्लीतली सगळी पोरं एकाच कापडात दिसली पाहिजेत, असा त्यांचा हट्ट. "सारखं म्हंजे सारखं," त्या बजावतात. गळा तोच, गुंडी तीच, दोऱ्याचा रंगही तोच. एका वर्षी मंडपवाल्याच्या उतरलेल्या झालरी होत्या, एका वर्षी कुणाच्या तरी गाद्यांचे अभ्रे. मागून हाक मारली तर भलतंच पोरगं वळून बघतं. एका आईने तर गर्दीतून दुसरीच्याच मुलाला बखोटीला धरून घरी नेलं आणि जेवायला वाढलं. पोरगंही काही बोललं नाही, भाजी त्याच्या आवडीची होती.

यंदा पाळी आमच्या बैठकीच्या पडद्यांची होती. निळ्यावर बारीक पांढरी फुलं. माझ्या बायकोने, सुनीताने, नवे पडदे आणले आणि जुने काढायला ती स्टुलावर चढली, तर खाली मावशी हात पसरून उभ्याच.

जयंतीच्या आदल्या दुपारी त्यांच्या ओसरीवर पोरांना कपडे घालून बघणं चाललं होतं. आमची बैठक पोरांच्या रूपाने उड्या मारत होती. तेवढ्यात समोरच्या घरी सामानाचा टेम्पो आला. कनेरगाव नाक्याहून नवे भाडेकरू आले होते. त्यांची लहान मुलगी टेम्पोतून उतरली ती थेट मावशींच्या दारात येऊन उभी राहिली. नुसती पोरींच्या फ्रॉककडे बघत राहिली.

मावशींनी मुलीकडे पाहिलं, मग मशीनखालच्या चिंध्यांकडे. कापड संपलं होतं.

मी म्हटलं, "दुसऱ्या कुठल्या निळ्या कापडाचा शिवा की."

"अन् मंग ती येगळी दिसल. काहून दिसल?" मावशी माझ्यावर उखडल्या. "आजच आलं लेकरू. उद्या सगळ्यायच्या मागं एकलं चालल."

त्यांनी पेटी उघडली. आत त्याच पडद्याची, नवीकोरी शिवलेली दोन पोलकी होती. ती त्यांनी मांडीवर घेतली आणि ब्लेडने एकाची शिवण उसवायला लागल्या.

"ही कुणाची, मावशी?"

"एक माझं, एक शांताचं. उद्या येऊन राहिली ती."

शांताबाई म्हणजे त्यांची धाकटी बहीण, शिरड शहापूरला दिलेली. दोघींचं माहेर याच गल्लीतलं. मावशी मान खाली घालूनच सांगत होत्या.

"लहानपणी चांगला फ्रॉक एकच होता आमच्यात. जयंतीला शांता घरापासून गिरणीपर्यंत घालायची. गिरणीमागं काढून मला द्यायची, अन् तिथून पुतळ्यापर्यंत मी. ती माझा फाटका घालून घरी यायची. दोघी संगं कधी चाललोच न्हाई, सर. मंग लग्नं झाले, गावं येगळे झाले. यंदा चालायचं ठरवलं व्हतं."

पहिलं पोलकं उसवून झालं. त्यांनी दुसरं उचललं. "एका पोलक्यात फ्रॉक न्हाई निघत," त्या म्हणाल्या.

मी घरी येऊन सुनीताला सांगितलं. ती उठून स्टुलावर चढली. स्वयंपाकघराच्या दारावर तिने त्यातलाच एक पडदा हौसेने लावून ठेवला होता, तो काढला आणि मावशींकडे नेला.

"मावशी, हाही टाकायचाच होता."

मावशींनी तो चिमटीत चोळून पाहिला. "खोटं नका बोलू. धडधाकट हाय." मग तो मांडीवर पसरून म्हणाल्या, "दोन पोलके बराबर निघतेत."

दुसऱ्या दिवशी निळे झेंडे, ढोल आणि जयभीमच्या गजरात मिरवणूक निघाली. नवी मुलगी कुठे आहे म्हणून मी बघायला लागलो, तर ती लवकर सापडेचना. सगळी सारखीच. पोरांच्या मागे दोन म्हाताऱ्या ताठ मानेने चालत होत्या, पांढरी लुगडी आणि आमच्या पडद्याची पोलकी.

गिरणी आली आणि शांताबाईंचे पाय आपोआप मंदावले. मावशींनी त्यांचा दंड धरला.

"आता काय काढून देतीस? चल."

दोघी पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की पुढची पोरं वळून बघायला लागली. मग हातात हात घालून दोघी पुतळ्याकडे निघाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि भर रस्त्यात मी ते येऊ दिलं.