आत्याबाईंना बोटीत बसवायचंय!

माणसाला बोटीत बसवणं म्हणजे काही डोंगर उचलणं नव्हे! सामान जीपवर चढवायचं, माणूस जीपमध्ये चढवायचा, धक्क्यावर नेऊन दोन्ही उतरवायचं आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत उभं राहायचं. माझ्या डाव्या हाताचा मळ! असं मी भर जेवणात जाहीर केलं तेव्हा आमच्या ह्यांना ठसका लागला.

"अगं, हळू बोल. आत्या ऐकेल."

"ऐकू देत! त्यांनाच तर बसवायचंय!"

आत्या म्हणजे ह्यांची सख्खी आत्या. आमच्या बेटावर आठ दिवस हवापालट करायला आल्या होत्या. आल्या तेव्हा दारातल्या पपईला नुकती फुलं धरली होती; आता आम्ही त्या झाडाच्या पपया खाऊन कंटाळलो होतो. आमच्या घराला खोल्या दोन. त्यातली आतली, खिडकीची आणि पंख्याची खोली आत्याबाईंनी आल्या दिवशीच ताब्यात घेतली. तेव्हापासून दिवसा हे आणि रात्री मी, असे पाळीपाळीने बाहेर जेवणाच्या टेबलाखाली पाय घालून झोपत होतो. मला माझी खोली परत हवी होती. बस्स, एवढंच! ह्यात कुणाला माझा दुष्टपणा दिसत असेल तर त्याने येऊन त्या टेबलाखाली एकदा कूस बदलून दाखवावी.

बाहेर जाणारी बोट आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी दुपारी. ह्यांनी प्रयत्न केले नव्हते असं नाही. एका शुक्रवारी आत्याबाईंना खोकला झाला. एका शुक्रवारी त्यांना समुद्राची लक्षणं ठीक दिसेनात. एका शुक्रवारी तर हे त्यांना थेट धक्क्यापर्यंत घेऊन गेले आणि त्यांच्यासाठी नवीन उशी विकत घेऊन दोघं हसतखेळत परत आले! हे रिसॉर्टच्या धोबीखान्यात रात्रपाळी करतात. चादर समोर आली की तिची घडी घालतात, आणि आत्या समोर आली की ह्यांचीच घडी होते.

"तुमच्याच्यानं होणार नाही," मी म्हणाले. "ह्या शुक्रवारी मी बसवते. आणि नाही बसवलं तर नाव बदलीन!"

मी त्याच रिसॉर्टची जीप चालवते. जीप त्यांची, पण हॉर्न माझा. खरोखरच माझा! जुना बिघडला तेव्हा मी स्वतः चार दुकानं हिंडून, वाजवून वाजवून पसंत केला आणि बसवला. त्याला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. मॅनेजरनेसुद्धा नाही.

माझं काम म्हणजे पाहुण्यांना बेट दाखवणं. बेट केवढं, तर सायकलची घंटी वाजवून निघालात तर तिचा आवाज विरायच्या आत फेरी मारून परत याल! पण सफर विकलेली असते अर्ध्या दिवसाची. मग दीपगृह दाखवायचं, काचेच्या तळाच्या होडीतून मासे दाखवायचे आणि शुक्रवार असेल तर शेवटी धक्क्यावर नेऊन बोट सुटताना दाखवायची. हो, बोट सुटणं हे आमच्याकडे प्रेक्षणीय आहे! दुसरं दाखवणार काय?

तर बेत असा की शुक्रवारी सकाळीच आत्याबाईंना माझ्या शेजारी बसवायचं, ट्रंक आणि वळकटी टपावर बांधायची, आणि सफर धक्क्यावर संपली की त्यांचीही सफर संपवायची.

"आत्याबाई, एवढे दिवस राहिलात आणि बेट बघितलं नाहीत. जाता जाता बघून तरी घ्या!"

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग काठी उचलली आणि मुकाट्याने जीपमध्ये जाऊन बसल्या. हे दारात तोंड उघडं टाकून उभे होते. मी ह्यांच्याकडे बघून नुसती एक भुवई उडवली.

रिसॉर्टच्या फाटकात पाहुणे तयारच होते. एक टोपीवाले आजोबा, नवं लग्न झालेलं एक जोडपं आणि गळ्यात भलामोठा कॅमेरा अडकवलेल्या एक बाई. मॅनेजरने त्यांना नेहमीसारखं सांगून ठेवलं होतं की बेटाची खडान्‌खडा माहिती असलेल्या एक बाई तुमच्यासोबत असतील. त्या बाई म्हणजे मी! पण स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसाला काही माहीत असतं, यावर कुणाचा विश्वासच नसतो. आणि शेजारी आत्याबाई! पांढरे केस, कपाळाला आठी, काठीच्या मुठीवर दोन्ही हात.

टोपीवाल्यांनी थेट त्यांनाच नमस्कार केला. "आपणच का त्या माहितीगार?"

"मग दुसरं कोण दिसतंय इथे?" आत्याबाई म्हणाल्या.

म्हटलं जाऊ दे, दुपारपर्यंतचा तर प्रश्न आहे!

दीपगृहाशी गाडी थांबवून मी सुरुवात केली, "तर मंडळी, हे आपलं दीपगृह—"

"वर चढून काय बघणार?" आत्याबाईंनी मला मध्येच तोडलं. "पाणीच ना? ते खालूनही दिसतंय. काय रे, ही वरची काच शेवटची कधी पुसली होतीस?"

हे राखणदाराला उद्देशून होतं. त्याला हा प्रश्न त्याच्या साहेबानेही कधी विचारला नव्हता. तो बिचारा फडकं घेऊन धावत वर गेला. आत्याबाई खालून काठीने दिशा दाखवायला लागल्या. "कोपरे! अरे, कोपरे राहिले!" नव्या नवऱ्याला राहवेना, तोही वर पळाला आणि दुसरं फडकं मागून घेतलं. खाली त्याच्या बायकोने टाळ्या वाजवल्या. कॅमेरावाल्या बाईंचा कॅमेरा थांबेना.

"किती जिवंत अनुभव आहे हा!" त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं मी दीपगृहाची उंची पाठ म्हणून दाखवतेय, एकाने कधी टाळी वाजवली नाही!

काचेच्या होडीत तर आत्याबाईंनी कहर केला. काचेवर पाय ठेवायला साफ नकार! दोन्ही पाय टोपीवाल्यांच्या पिशवीवर ठेवून त्या वाकून वाकून खाली बघत होत्या.

"ही समुद्रकाकडी," होडीवाला म्हणाला.

"हलते का?"

"फारशी नाही."

"खाते काय?"

"वाळू खाते, आजी."

"मग हा माझा भाचाच," आत्याबाईंनी निकाल दिला. "दिवसभर पडून असतो आणि पुढ्यात येईल ते गिळतो बिचारा."

सगळी होडी हसून डुलायला लागली. गिळायला पुढ्यात ठेवणारी कोण, हा प्रश्न कुणीतरी विचारेल म्हणून मी पलीकडच्या क्षितिजाकडे बघत बसले.

अजून वेळ हातात होता. मी धक्क्याची वाट धरणार तोच आत्याबाई मागे वळून म्हणाल्या, "आता बेटावरचं खरंखुरं घर बघायचं का?"

"ते सफरीत नाही!" मी ओरडलेच.

"सफरीत नसेल. बेटावर तर आहे?"

"बघू या, बघू या!" मागून एकच गिल्ला झाला.

खरंखुरं घर म्हणजे कुणाचं, हे तुम्ही ओळखलंच असेल! सकाळच्या घाईत मी भांडी तशीच टाकून निघाले होते. आत्याबाईंनी ती काठीने दाखवली. "ही इथली मोरी. ही इथली भांडी. पहाटेपासून अशीच आहेत." मग त्या बाहेरच्या खोलीत आल्या आणि एकदम आवाज उतरवून म्हणाल्या, "इथे बोलू नका हं."

टेबलाखाली आमचे हे! अर्धी चड्डी, उघडं तोंड, आणि घोरणं असं की टेबलावरचे पेले किणकिणत होते. कॅमेरावाल्या बाईंनी गुडघे टेकून वेगवेगळ्या बाजूंनी फोटो घेतले. मी दाराला टेकून उभी होते आणि जमीन दुभंगायची वाट बघत होते.

"पण हे टेबलाखाली का झोपलेत?" नव्या नवरीने विचारलं.

सगळ्यांनी माहितीगार बाईंकडे बघितलं. आत्याबाईंनी टेबलाकडे बघितलं, मग आतल्या खोलीतल्या पलंगाकडे बघितलं. हे त्या रोजच बघत होत्या, पण आजवर त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"पाहुणे आले की जागा कमी पडते," त्या म्हणाल्या आणि काठी टेकत बाहेर निघाल्या.

तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला! पहिला भोंगा! मी सगळ्यांना जीपमध्ये अक्षरशः कोंबलं आणि गाडी अशी पळवली की टोपीवाल्यांची टोपी नवरीच्या डोक्यावर गेली. वळण आलं, खाली धक्का दिसला, धक्क्याला लागलेली बोट दिसली. जिंकले! आणि नेमका तेव्हाच कानाशी हॉर्न वाजला. माझा हॉर्न! आत्याबाईंनी त्याच्यावर चक्क तळहात दाबून धरला होता! मी दचकून ब्रेक मारला.

"आत्याबाई! हॉर्नला हात लावायचा नाही!"

"मग सांगितल्यावर थांबत का नव्हतीस? ह्या मंडळींना ते खडक दाखवायचे राहिलेत."

समोर पाण्यात दोन मोठे काळे खडक आहेत, एकमेकांकडे पाठ केलेले. मी रोज त्यांच्या समोरून जाते. मला त्यांत कधी काही दिसलं नाही.

"हे दोघे भाऊ," आत्याबाईंनी सुरुवात केली. "मधल्या भिंतीवरून भांडले. पुढे भिंत पडली, पण भांडण काही पडलं नाही. तेव्हापासून ह्याचं तोंड इकडे आणि त्याचं तिकडे."

"केवढी जुनी दंतकथा!" कॅमेरावाल्या बाई पुटपुटल्या.

दंतकथा कसली! त्यातला एक खडक माझे सासरे आणि दुसरा माझे चुलतसासरे! ती भिंत मी डोळ्यांनी पाहिली आहे!

"आणि आजी, त्यांना बहीण नव्हती का?" नवरीने विचारलं.

आत्याबाईंनी काठी दोन खडकांच्या मधोमध धरली. तिथे एक छोटासा दगड होता. लाट आली की बुडायचा, गेली की वर यायचा.

"ती बघा, तीच बहीण. ओहोटीला दिसते. भरती आली की दोघांनाही दिसत नाही. थोडे दिवस ह्याच्या दारी, थोडे दिवस त्याच्या दारी. तिला कुणी काही विचारत नाही, आणि ती बोलली तर ऐकायला कुणी थांबत नाही."

बुडालेला तो दगड पुन्हा वर येईपर्यंत मी बघत राहिले. आणि रागही आला! असल्या गोष्टी काय बोट सुटायच्या वेळी सांगायच्या असतात?

दुसरा भोंगा झाला. आत्याबाईंनी पदर सारखा केला आणि समोर बघत म्हणाल्या, "चल सूनबाई. सुटेल बोट."

धक्का तर ढांगेवर होता. मी किल्लीला हात घातला आणि गाडी बंद केली.

"गाडी बंद पडली," मी म्हणाले.

"पडली?" टोपीवाले म्हणाले. "अहो, तुम्हीच तर आत्ता—"

"बंद पडली म्हणते ना!"

बोट सुटली. ठरल्याप्रमाणे पाहुण्यांनी तिचे फोटो काढले. आत्याबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या माझ्या किल्लीकडे बघत होत्या.

घरी हे जागे होऊन चहा घेत बसले होते. ट्रंक परत आलेली बघून ह्यांचा चेहरा असा फुलला! "काय झालं गं? डाव्या हाताचा मळ ना? मग, नवीन नाव काय ठेवायचं?"

"मी हरलेले नाही!" मी ठणकावलं. "बसवणारी मी होते, आणि न बसवणारीही मीच! तुमच्यासारखी उशी घेऊन परत आलेली नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर स्वतः दारात. कालच्या पाहुण्यांनी रिसॉर्टभर बोभाटा केला होता, आणि आता झाडून सगळ्यांना हीच सफर हवी होती. "त्या माहितीगार बाई कुठे आहेत?"

"माहितीगार मीच आहे," मी म्हणाले.

"तुम्ही गाडी चालवा हो," मॅनेजर म्हणाला आणि आत्याबाईंपुढे हात जोडून उभा राहिला.

आत्याबाईंनी नोकरी घेतली. आणि त्याच संध्याकाळी कुणाला न विचारता आपली ट्रंक ओढत बाहेरच्या खोलीत आणली. मला लवकर निघावं लागतं, मला दाराजवळच बरं, म्हणाल्या. मी भांडले, ह्यांनी विनवलं, पण आता त्यांचं ऐकायला अख्खं रिसॉर्ट होतं, आमचं कोण ऐकतो! त्यांच्यासाठी दाराशी खाट आली. टेबलाखाली आता कुणीच झोपत नाही.

म्हणजे बघा, मी म्हटलं तेच करून दाखवलं! माझी खोली मला परत मिळाली. खिडकीसकट, पंख्यासकट! फक्त तिच्यात झोप तेवढी मिळत नाही, कारण उजाडत नाही तोच आत्याबाई जीपमध्ये जाऊन बसतात आणि हॉर्नवर तळहात दाबून धरतात.

"सूनबाई! पाहुणे खोळंबलेत!"

त्या हॉर्नला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हे मी अजूनही रोज ठणकावून सांगते. पांघरुणातून सांगते, पण सांगते!