देवळाबाहेरची पायताणं

"सारी उमर कागलच्या एमआयडीसीत काढली. वितळलेलं लोखंड पाण्यावानी वतलं. आन् मला बशीत बसून फिरून याय जमणार न्हाय व्हय?"

आकाराम जर्मनीत आल्यापासून हे वाक्य रोज जेवताना म्हणायचा. अमरसिंह, त्याचा मुलगा, रोज तेच उत्तर द्यायचा.

"आबा, तुमास्नी इथली भाषा येत न्हाय."

"त्यांस्नी तरी आपली कुठं येतीय? फिटलं की."

बयाबाई, त्याची बायको, दोघांना वाढत राहायची. मुलगा आणि सून कामावर गेले की ती चौथ्या मजल्याच्या खिडकीत बसायची. आख्खा हिवाळा तिनं खालच्या लाल गाडीकडे बघत काढला होता. ती गाडी हलली की तिला सण वाटायचा.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईनं मार्ग काढला. तिचं नाव जिभेवर बसेना म्हणून बयाबाई तिला इरमाबाई म्हणायची. पेन्शनीतल्या म्हाताऱ्यांना घेऊन ती सहली काढायची. या दोघांनाही नेते म्हणाली. अमरसिंहाचा नाइलाज झाला.

"जावा. पण मला एक जरी फोन आला, तर पुन्हा एकटं जायाचं न्हाय. रजा मिळंल तवा मीच नेणार."

रजा त्याला कधी मिळते ते बयाबाईला ठाऊक होतं. तिनं धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली आणि मनाशी ठरवलं, आभाळ कोसळलं तरी फोन करायचा नाही.

आकारामनं ठेवणीतलं कोल्हापुरी पायताण काढलं. चालताना असं करकरायचं की माणूस दिसायच्या आधी ऐकू यावा. थंडी म्हणून त्यानं मोज्यावरच ते घातलं. अंगठा घुसेना, तर मोज्याला भोक पाडलं.

एका लहान गावात बस थांबली. टेकडीवर त्यांचं देऊळ होतं, उंच मनोऱ्याचं. आकाराम सगळ्यांच्या पुढं करकरत चढला आणि दाराशी थबकला.

"देव कुणाचाबी असूदे. पायताण घालून कसं जायाचं आत?"

"तर वं," बयाबाई म्हणाली. तिनंही लेकानं घेतलेले बूट काढले. दोघांनी भिंतीकडेला जोड्या नीट लावल्या आणि आत जाऊन हात जोडले.

बयाबाईनं डोळे उघडले तर सगळी मंडळी आत आलेली, आणि सगळी मोज्यांवर. एका आजोबांच्या फाटक्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता.

"बघ," आकाराम कुजबुजला, "ही माणसंबी आपल्यावानीच हाईत. पोरगं उगंच भ्या घालत हुतं."

खरं असं होतं, की इरमाबाईनं दाराशी जोड्या बघितल्या आणि तिला वाटलं, फरशी नुकतीच पुसली असेल. तिनं आपले बूट काढले. तिचं बघून मागच्यानं काढले. त्या मुलखात एकानं नियम पाळला की दुसरा का म्हणून विचारत बसत नाही.

दर्शन करून सगळे बाहेर आले. भिंतीकडेला काहीच नव्हतं. एक जोड नाही, एक नाडी नाही.

तिथले पाद्री आले. सगळ्यांच्या पायांकडे बघून त्यांनी डोक्याला हात लावला. नेमकं त्या दिवशी गावात गरिबांसाठी जुने कपडे आणि बूट गोळा करणारी गाडी फिरत होती. लोक वस्तू दाराबाहेर ठेवतात, गाडी उचलून नेते. गाडीवाल्याला वाटलं, देवळानं यंदा मन मोठं केलं.

आधी कुणी काढले, असं पाद्रींनी विचारलं असावं. कारण जो तो पुढच्याकडे बोट दाखवू लागला. बोट सरकत सरकत इरमाबाईपर्यंत आलं. तिनं आकारामकडे केलं. आकारामच्या पुढं कुणी नव्हतं. त्यानं बयाबाईकडे केलं.

"आवो, लाज वाटती का?"

"आता अमरला फोन लावतो," म्हणत त्यानं खिशातून मोबाईल काढला. बयाबाईनं तो हिसकावून घेतला आणि धपाट्यांच्या पिशवीत कोंबला.

"लावलासा की पुन्हा ती खिडकी. मी मरंन, पर त्या लाल गाडीकडं बघणार न्हाय."

आता ही माणसं चिडणार म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. तेवढ्यात अंगठेवाले आजोबा स्वतःच्या अंगठ्याकडे बघून खदखदून हसले. मग सगळेच. पाद्रींनी गाडीवाल्याला फोन केला, सगळ्यांना आत बसवलं आणि गरम सूप आणवलं. गावातल्या बायका घरचे लोकरीचे मोजे घेऊन आल्या. एक आजीबाई तर बयाबाईपुढं गुडघ्यावर बसली आणि तिच्या गारठलेल्या उघड्या पायांत, जोडव्यांना जपत, स्वतःच्या हातानं मोजे घातले.

ओळख ना देख. आभार कोणत्या भाषेत मानायचे? बयाबाई पाया पडायला वाकली. आजीबाईला वाटलं, हिचं काही पडलं. तीही वाकून शोधू लागली. दोघींची डोकी आपटली. मग इरमाबाई वाकली, पाद्री बाकाखाली शिरले, आणि सगळं देऊळ बयाबाईचं काय हरवलं ते शोधायला लागलं. शेवटी तिनं धपाट्यांचा डबा उघडला, तेव्हा कुठं माणसं सरळ झाली. चटणीनं त्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं, तरी डबा चाटूनपुसून रिकामा झाला.

एवढ्यात बाहेरून आवाज आला. कर्र, कर्र, कर्र.

"आलं गं आपलं," आकाराम उठला.

गाडीवाला पोत्यासह आला होता, आकारामचं पायताण घालून. ते काढताना त्याचं तोंड एवढंसं झालं.

घरी अमरसिंहानं विचारलं, "काय झालं न्हाय न्हवं?"

"काय व्हायाचंय?" बयाबाई म्हणाली. त्या दिवसापासून दोघांना मोकळीक मिळाली.

उन्हाळ्यात अमरसिंहाला एकदाची रजा मिळाली. एक सुंदर देऊळ दाखवतो म्हणून त्यानं दोघांना गाडीत घातलं. गाव दिसताच बयाबाईनं नवऱ्याला कोपर मारलं.

देवळाच्या दाराशी नवी लाकडी फळी होती, तिच्यावर बुटांची रांग. शेजारी टोपलीत लोकरीचे मोजे.

अमरसिंह हळूच म्हणाला, "आबा, पायताण काढा. इथली तशी पद्धत हाय. लई जुनी दिसतीय."

"व्हय काय?" आकाराम निमूटपणे वाकला.

बयाबाईनं टोपलीतले मोजे घेतले आणि तोंडाला पदर लावला.

"आई, हसू नको. दुसऱ्याच्या रितीला असं हसू ने."

"न्हाय हसत, बाबा," बयाबाई म्हणाली, आणि ती आजीबाई कुठं दिसते का ते बघत आत गेली.